पुस्तकात नसलेलं नाव

साखरखेर्डा,
दि. १४ जुलै २०२४

चि. धम्मशीलास,
जयभीम व अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तर लगेच लिहायला घेतलं होतं, पण मध्येच तुझ्या भावाने, चंद्रशेखरने, कान दाखवायला मला जालन्याला नेलं. डॉक्टर तरुण आहे आणि बोलतो फार. तो बोलतोय त्यातलं मला काहीच ऐकू येत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. शेवटी सूनबाईने, मंजुश्रीने, पाटीवर लिहून दाखवलं की डावा कानही आता गेला, यंत्राचा उपयोग नाही. चंद्रशेखरने मोबाईलवर मराठी अक्षरं घालून दिली आहेत, पण माझी एक ओळ होईपर्यंत चहा निवतो. तेव्हा तू आपली पत्रंच लिहीत जा. अक्षर मोठं काढ.

आता मुद्द्याचं. येत्या आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होईल. तीन महिने, रोज संध्याकाळी. आश्विन पौर्णिमेला समारोप, आणि समारोपाला तुझं व्याख्यान ठेवायचं समितीने ठरवलं आहे. समितीचा सचिव शेखर नावाचा तरुण पोरगा आहे, त्याने उत्साहाच्या भरात मला न विचारता फलकही रंगवून घेतला: 'ह्युएनत्संग यांचा भारतप्रवास. वक्त्या: डॉ. धम्मशीला, दिल्ली.'

हसू नकोस. तू पहिल्यांदा चीनला गेलीस तेव्हापासून गावाचा हाच समज आहे. आपल्या समाजाची पोरगी चीनला जाते म्हणजे त्या भिक्खूच्याच मागावर जात असणार, दुसरं तिचं तिथं काय काम? मी एकदोघांना सांगून पाहिलं होतं की तिचा विषय अलीकडचा आहे, खेड्यांचा आणि शेतीचा आहे. ते म्हणाले, बरोबर आहे गुरुजी, भिक्खूंनी शेतीचंही लिहून ठेवलंय. मग मी नाद सोडला.

तुझी बेबीआत्या महिला मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून कुणाला सोडत नाही. ती म्हणते, काऊन येत नाही थे पोरगी, दिल्लीत तिले कोणी दावणीले बांधलं का? तिचा नातू रवी सैन्यात आहे, सध्या लेहच्या पुढे कुठेतरी. त्यामुळे चीन हा शब्द विहारात जपूनच काढावा लागतो. ह्युएनत्संगवर मात्र कुणाचा राग नाही. म्हणून सांगतो, त्यांना हवं ते एक तासभर दे. मग खीर खाऊन मोकळी हो.

सोयाबीन बरं उगवलंय. तब्येतीस जप. उत्तराची वाट बघतोय, उशीर लावू नकोस.

तुझा,
बाबा

*

दिल्ली,
दि. २७ जुलै २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

कानांचं वाचून वाईट वाटलं. त्या डॉक्टरांना आमच्या विद्यापीठात नोकरी द्यायला हवी. समोरच्याला ऐकू जातंय की नाही याची फिकीर न करता बोलत राहणं इथे पात्रतेत धरतात.

बाबा, ह्युएनत्संगबद्दल मला जे ठाऊक आहे ते चौथीत तुम्हीच शिकवलेलं आहे. त्याच्या पाठीवरची ती पोथ्यांची पेटी मला चित्रातून आठवते, बाकी फारसं काही नाही. त्याच्यावर बोलणारी विद्वान माणसं वेगळी. मी गान्सू प्रांतातल्या एकाच खेड्यावर इतकी वर्षं काम करते आहे. पिवळ्या मातीचं, कोरडवाहू गाव. १९५८ साली तिथल्या घरोघरच्या चुली बंद करून सगळ्या गावाचं एकच स्वयंपाकघर काढलं. घरातली लोखंडी भांडी गोळा करून वितळवली. पुढच्या दोन वर्षांत धान्य संपलं, आणि माणसांच्या घरात शिजवायला भांडंही उरलं नव्हतं. कोण जगलं, कुणी कुणाला काय दिलं, कुणी काय लपवलं, हे मी तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहिते. एवढाच माझा विषय आहे.

यावर माझ्याशी बोलू शकतील अशी माणसं या देशात अगदी थोडी आहेत. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून त्यांच्याशी वेगवेगळं बोलावं लागतं. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती, मनाली नावाची. तीही फेब्रुवारीत येऊन सांगून गेली की मॅडम, मी स्पर्धा परीक्षेचं बघते. मी म्हटलं, छान. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सवयीने वर्गात जाऊन बसले. बसल्यावर लक्षात आलं की आज कुणी येणार नाही. तरी तास संपेपर्यंत बसले, कारण अकरा वाजता दुसरीकडे कुठे बसायचं ते सुचेना.

व्हिसा दोनदा परत आला, कारण कुणी सांगत नाही. ज्या ॲपवरून मी त्या गावातल्या लोकांशी बोलायचे ते आपल्याकडे बंद होऊन चार वर्षं झाली. डिसेंबरमध्ये मी निवृत्त होते. माझ्या जागेवर चीनचा अभ्यास करणारा माणूस घेणार नाहीत असं कळलंय. चिनी बोलायला कुणी नाही म्हणून भाजी चिरताना स्वतःशीच बोलते. परवा कामाच्या बाई विचारत होत्या की मॅडम, कुणावर एवढ्या रागावलात?

हे रडगाणं नाही, तुम्हाला चित्र दिसावं म्हणून लिहिलं. मी पुष्कळ व्याख्यानं दिली. समोर बसलेले बहुतेक जण आपला निबंध वाचायची वेळ कधी येते याची वाट बघत असतात. आपल्या गावात मी कधीच बोलले नाही. एकदाच बोलायचं असेल तर मी जन्मभर जे केलं त्यावर बोलू द्या. ते नको असेल तर शेखरला सांगा, दुसरा वक्ता बघ. मी खीर खायला तशीही येईन.

मंजुश्रीला आठवण. तुमचा लोभ आहे तोवर मला बरं आहे, तो तसाच ठेवावा.

आपली,
धम्मशीला

*

साखरखेर्डा,
दि. ११ ऑगस्ट २०२४

चि. धम्मशीलास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वर्गात एकटी बसलीस ते वाचून मी उठून जरा ओट्यावर जाऊन आलो.

पाटी घेऊन समितीकडे गेलो होतो. शेखर मुलगा वाईट नाही. त्याने पाटीवर लिहिलं की गुरुजी, गावातली चार पोरं सीमेवर आहेत. विहारात चीनचं दुःख सांगितलं तर त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? मी म्हणालो की ते दुःख साठ वर्षांपूर्वीचं आहे. त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, लोक साल बघत नाहीत.

तुझी बाजू मला कळते. पण माझं भयही तू समजून घे. समारोपाच्या वेळी सोयाबीनची सोंगणी चालू असणार. बाया दिवसभर वावरात वाकून येतील. परक्या मुलखातल्या माणसांचं मरण ऐकायला त्या कशा बसतील? तुझं बोलणं मला ऐकू येणार नाही. पण तू बोलत असताना कुणी उठून गेलं, तर ते मला दिसेल. या वयात ते बघायची माझी तयारी नाही.

अर्धा वेळ ह्युएनत्संग आणि अर्धा वेळ तुझं गाव, असं नाही का करता येणार? नाहीच म्हणालीस तर फलक पुसून दुसऱ्याचं नाव घालतील. तेही मला बघवणार नाही. मोठ्या पेचात टाकलंस तू मला.

चंद्रशेखर म्हणतो, ताईला एवढं काय त्या एका गावाचं. मी त्याला म्हणालो, तू तीस वर्षं एकाच एसटी डेपोत काढलीस, तुला कुणी विचारलं का?

पोटाला नीट खात जा. आणि माझ्यावर रुसून पत्र लांबवू नकोस, एवढं कर.

तुझा,
बाबा

*

दिल्ली,
दि. ३० ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

वाद घालायचं आता त्राण नाही. फलक पुसू नका. मी ह्युएनत्संगवर बोलते. भारताकडे येताना तो गान्सूतूनच आला होता, तेवढीच मला ओळखीची वाट. ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आहेत, वाचून तयारी करते.

कारण सांगते. मंगळवारी तैपेईच्या एका अभ्यासकाची मेल आली. कुठल्याशा परिषदेबद्दल होती. शेवटी एक ओळ होती, की तुमच्या पुस्तकातल्या गुओबाई जानेवारीत वारल्या असं ऐकलं, तुम्हाला कळलं असेलच. मला कळलं नव्हतं. आठ महिने मी ती जिवंत आहे असं धरून चालले होते. व्हिसा मिळाला की तिच्यासाठी न्यायची शाल कपाटात आहे.

तिच्याबद्दल तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात तिला वाटलं मी सरकारी तपासणीला आले आहे. मी काही विचारलं की ती माझ्यापुढे बटाटे सोलायला टाकायची. मी बटाटे सोलत राहायचे आणि ती माझे चिनी उच्चार सुधारत राहायची. दर उन्हाळ्याला मी जायचे. चौथ्या खेपेला एका दुपारी, कढईवर पाव वाफवायला ठेवून, माझ्याकडे पाठ करून तिने सांगितलं की साठ सालच्या वसंतात तिची दोन मुलं गेली. मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. तिने त्यांची नावं सांगितली. मग वळून म्हणाली की ही नावं पुस्तकात घालू नकोस.

मी तशीही घातली नसती. आमच्या कामाचा नियम आहे. जिवंत माणसांना आपल्या लिहिण्याने त्रास होऊ शकत असेल, तिथे खरं नाव छापायचं नाही. गुओ हे नाव मी दिलेलं आहे. गावाचं नावही माझंच. मुलांना तर मी नावं दिलीच नाहीत, 'मोठी' आणि 'धाकटा' एवढंच लिहिलं. तिचा नातू तिथल्या कचेरीत नोकरीला आहे, म्हणून ती गेली तरी नियम सुटत नाही. आता माझी अवस्था अशी आहे की गुओबाई जगभरच्या ग्रंथालयांत सुखरूप आहे, आणि जानेवारीत जी बाई मेली ती कुठल्याच कागदावर नाही. तिचं नाव मी वीस वर्षांत कुणापुढे उच्चारलेलं नाही.

बुधवारी रजा टाकली. कार्यालयातल्या माणसाने कारण विचारलं. घरात कुणी वारलं का, तसं असेल तर वेगळी रजा मिळते म्हणाला. मी नाही म्हटलं.

हे सगळं तुम्हाला लिहिलं कारण दुसरं कुणाला सांगावं ते कळेना. समितीला माझा होकार कळवा. आणि अशी पत्रं येत राहिली तरी कंटाळू नका.

आपली,
धम्मशीला

*

साखरखेर्डा,
दि. १२ सप्टेंबर २०२४

धम्मशीला बाई, जयभीम.

मी बेबीआत्या. लिहिणारी मंजुश्री हाय, बोलणारी मी. तिले सांगतलं की मी बोलते तसंच लिही, सुधारत बसू नको. मास्तरीण हाय न ती, तिचा हात वळवळ करते.

तुह्या बापानं तुही चिठ्ठी मले वाचून दाखवली. त्याले सोताचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून थो केवढ्यानं वाचते! अर्ध्या आळीनं चिठ्ठी ऐकली. त्या बाईनं पाठमोरी होऊन लेकरायचं सांगतलं, इथपर्यंत आला अन् थांबला. चष्मा पुसत बसला. मी मंजुश्रीच्या हातून पाटीवर इचारलं, मंग पोरगी कायच्यावर बोलणार हाय? तं म्हणे ह्युएनत्संग. मी म्हणलं, त्या भिक्खूले जाऊन हजार वर्साच्या वर झाले, थो आणखी एक साल थांबीन. या बाईले जाऊन तं अजून वर्सही झालं नाही.

तू काऊन भेऊन राह्यली? शेखर रव्याचं नाव घेऊन बोलून राह्यला होता. मी त्याले म्हणलं, रव्या माहा नातू हाय का तुहा? रोज सांजच्याले फोनकडं मी पाह्यतो का तू? मले त्याचं भेव वाटते म्हणूनच मले ऐकाचं हाय. जिचे लेकरं गेले ती बाई कशी जगली, हे ऐकाले मले कोण मना करते पाह्यतो मी. थो तोंड चढवून गेला. चढवू दे.

फलक पुसाले लावला. आता त्याच्यावर काय लिहा हे कोणाले सुचत नाही. खाली नुसतं तुहं नाव हाय. वरतं कोरं.

मी बहात्तरच्या दुष्काळात गिट्टी फोडाले जात होती. मुठीएवढी सुकडी भेटे खाले, अन् लाल मिलो जवारीची भाकर घशातून उतरे ना. आजवर कोणी इचारलं नाही म्हणून कोणाले सांगतलं नाही. तू इचारशीन तं सांगीन.

अन् एक. येतानी चांगलं पातळ नेसून येजो. मांगच्या टायमाले तू आली तं बायांले वाटलं अंगणवाडीची तपासणी आली.

मंजुश्री म्हणते आता शेवटी माया असू द्या असं लिहा लागते. माया हाये. तू ये आधी.

तुही,
बेबीआत्या

*

साखरखेर्डा,
दि. २३ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मशीलास,
जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

तू पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसने निघालीस, म्हणून धड बोलणं झालं नाही. तुझी गाडी दिल्लीला वेळेत पोचल्याचा निरोप चंद्रशेखरने दाखवला.

मी काय पाहिलं ते लिहितो. काही चुकलं असेल तर कळव.

मी पुढच्या ओळीत बसलो होतो, पण तुझ्याकडे तोंड करून बसलो नाही. खुर्ची जराशी तिरपी करून घेतली आणि लोकांची तोंडं बघत राहिलो. सुरुवातीला बाया आपसात बोलत होत्या. दिवसभर सोंगणी करून आलेल्या, दोघीतिघी तर भिंतीला टेकून पेंगत होत्या. शेखर आणि त्याचे मित्र मागे दाराजवळ हाताची घडी घालून उभे. तू काहीतरी विचारलंस, आणि बेबी बसल्या जागेवरून बोलायला लागली. तिचे हात गिट्टी फोडल्यासारखे हलत होते, त्यावरून मी ओळखलं. मग दुसरी बोलली, मग तिसरी. पेंगणाऱ्या जाग्या झाल्या. मग तू बोललीस, आणि बराच वेळ कुणाचंच तोंड हललं नाही. धम्मशीला, तेवढ्या वेळात कुणी उठलं नाही. मी सारखा दाराकडे बघत होतो. एक माणूस उठला तो बैलाला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून, हे मी दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतलं.

पुढचं मात्र मला नीट उमगलं नाही. व्याख्यान संपून लोक खिरीकडे वळतील असं वाटलं होतं, तर बेबी उठून पुढे आली. तिने मेणबत्ती लावली आणि तुझ्याशी काही बोलली. तू उभीच राहिलीस. मला वाटलं तुला भोवळ येते की काय. मग तू व्यासपीठावरून उतरलीस आणि पुण्यानुमोदनाच्या वेळी वारलेल्या माणसाच्या घरचे ज्या जागेवर बसतात, तिथे जाऊन बसलीस. तुझे ओठ हलले. तुझ्यामागून बेबीचे हलले. मग सगळ्या विहाराचे. तीन वेळा.

रात्री जेवताना मंजुश्रीने पाटीवर लिहून सांगितलं. बेबीने म्हटलं होतं की बाईला जाऊन इतके महिने झाले आणि कुणीच तिच्या नावाने पुण्यानुमोदन केलं नाही, तर आपण आत्ताच करू. नाव काय? तू गुओ म्हणालीस. बेबीने विचारलं की हे खरं नाव आहे का पुस्तकातलं? पुस्तकातल्या नावाने पुण्य कोणाला पोचणार? त्यावर तू तीन नावं सांगितलीस. तिचं, आणि दोन्ही लेकरांचं. ती सगळ्यांनी म्हटली आणि वंदना घेतली.

मी मंजुश्रीला म्हणालो, ती नावं लिही. तिने खडू खाली ठेवला. ताईंनी सगळ्यांना सांगितलंय की म्हणा, पण कुठे लिहू नका, असं तिने मला खुणेनेच सांगितलं.

शेखर दारातच उभा राहिला होता. त्याने हात जोडले नाहीत, पण गेलाही नाही. नंतर खीर वाढायला तोच होता. रवीला बेबीने फोनवर सगळं सांगितलं. त्याने म्हणे एवढंच विचारलं की आजी, खीर उरली होती का? बेबी दोन दिवस त्याला शिव्या देतेय आणि हसतेय.

आता माझी एक मागणी आहे. त्या दिवशी विहारात जितकी माणसं होती, त्या सगळ्यांच्या तोंडी ती नावं आली. शेजारची संजीवनी चौकात भेटली की म्हणून दाखवते, तिचे ओठ मला दिसतात. गावात एक मीच आहे ज्याला ती ठाऊक नाहीत. तुझा नियम मला मान्य आहे. पत्रात लिहिता येत नसतील तर लिहू नकोस. मी विचारलं, एवढंच. उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन.

थंडी सुरू झाली असेल तिकडे. जप. माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाल.

तुझा,
बाबा

*

दिल्ली,
दि. ३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. एकच दुरुस्ती आहे. मला भोवळ येत नव्हती.

मंजुश्रीने तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही, बहुधा तिला ती ऐकू गेली नसावी. नाव विचारायच्या आधी आत्याने मला विचारलं की थे तुही कोण लागे? घरचं माणूस पुढे बसतं, तेव्हा तुझं नातं सांग. आमच्या शास्त्रात अशा माणसाला 'माहिती देणारी' म्हणतात. तेच माझ्या तोंडाशी आलं होतं. आत्याच्या तोंडाकडे बघून ते म्हणवेना, आणि दुसरं काही सुचेना. म्हणून मी सरळ घरच्यांच्या जागेवर जाऊन बसले. तेवढ्यावर आत्याचं भागलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

इथे परत आल्यावर दार उघडलं आणि सवयीने चिनीत म्हटलं, आले मी. मग चहा केला. विभागात कुणाला सांगण्यासारखं नाही. एक सहकारी भेटले, म्हणाले गावी जाऊन आलात का, कसला कार्यक्रम होता? मी म्हटलं, वर्षावासाचा समारोप. ते म्हणाले, अच्छा, म्हणजे ह्युएनत्संग वगैरे. मी हो म्हटलं. सांगायला गेले असते तर फार लांबलं असतं.

नावं लिहीत नाही, बाबा. तुमच्यासाठीसुद्धा कागदावर उतरवणार नाही. नियम माझा आहे आणि वचन तिचं आहे. एकदा कागदावर आलं की ते कुणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

पण इथलं आवरायला घेतलं आहे. पुस्तकं ग्रंथालयाला देते, त्यांनी घेतली तर. मी आधी ठरवलं होतं की निवृत्तीनंतर इथेच एखादी खोली बघावी, कारण गावात माझं बोलणं कुणाला कळेल. आता खोली बघत नाही. डिसेंबर संपला की मी येते. किती दिवसांसाठी ते आत्ता विचारू नका.

आले की ओट्यावर तुमच्याजवळ बसेन. तुमचा तळहात घेईन आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर काढीन, आपल्या मराठी अक्षरांत. आधी तिचं नाव, मग मोठीचं, मग धाकट्याचं. तुम्ही ती मला म्हणून दाखवा. उच्चार चुकला तर रागावू नका, मी पुन्हा काढीन. तिने मला नीट म्हणायला लावलं होतं, तसंच तुम्हालाही म्हणावं लागेल.

तोवर कानटोपी घालून बसा आणि माझी वाट बघत राहा. दुसरं मागणं नाही.

आपली,
धम्मशीला